“मग निवड कसली झाली?” : संगीताच्या शोकेसचा हिशेब, बेळगावहून

स्थानिक दैनिकात चार ओळींची बातमी आली : बेळगावच्या रॉक बँडची संगीत परिषदेसाठी निवड. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू पाव किलो कुंदा, बेळगावची ती आटीव दुधाची मिठाई, घेऊन दारात हजर. कुंद्याचा पुडा माझ्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं, “किती देणार हाईत रे?”

“काही नाही, काकू.”

“जायचं-यायचं भाडं?”

“तेही आपलंच.”

“राहायचं?”

“आपलंच.”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग निवड कसली झाली म्हणायची?”

बारा वर्षं मी या बँडमध्ये बास गिटार वाजवतोय. कोल्हापूर, सांगली, पुणे, गोवा, हुबळी-धारवाड, बेंगळुरू हे रस्ते गाडीच्या मागच्या सीटवरून पाठ झालेत. तरी त्या सकाळी काकूंना नीट उत्तर देता आलं नाही. नंतर कॉलेजमधल्या मुलांनी विचारलं, वडिलांच्या मित्रांनी विचारलं, आणि प्रत्येक वेळी मी अर्धवटच काहीतरी सांगत राहिलो. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

शोकेस म्हणजे काय?

दुकानातल्या काचेच्या कपाटाला आपण शोकेस म्हणतो. संगीताच्या धंद्यातही अर्थ तोच. एखाद्या मोठ्या शहरात काही दिवसांची परिषद भरते. दिवसा सभागृहात भाषणं आणि चर्चा चालतात, रात्री शहरातल्या क्लबांमध्ये एकामागून एक बँड वाजवतात. प्रत्येकाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ. ऐकायला मुख्यतः गळ्यात पट्टा अडकवलेले प्रतिनिधी असतात : रेकॉर्ड कंपन्यांची माणसं, क्लबचालक, पत्रकार आणि बुकर. बुकर म्हणजे महोत्सवात किंवा क्लबात कोण वाजवणार हे ठरवून पैसे मोजणारा माणूस. यातल्या कुणाला तरी आपण आवडू आणि पुढे कधीतरी फोन येईल, या आशेवर बँड वाजवतो.

ही पद्धत पाश्चात्त्य देशांत रुजली. फ्रान्समधल्या कान शहरात ‘मिडेम’ ही संगीत-व्यापाराची जत्रा १९६७ साली सुरू झाली. अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिन शहरात ‘साउथ बाय साउथवेस्ट’ १९८७ साली सुरू झालं, तेव्हा ७०० लोकांनी नोंदणी केली होती आणि १७७ कलाकारांनी वाजवलं होतं. पुढे ऐन भराच्या काळात तिथे एका आठवड्यात दोन हजारांवर कलाकार वाजवू लागले. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन, इंग्लंडमध्ये ब्रायटन, जर्मनीत हॅम्बुर्ग इथेही अशा जत्रा भरतात. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आता त्यांचं अनुकरण होतंय.

थोडक्यात, ही मैफल नव्हे, हा बाजार आहे. आमंत्रणपत्रिका मात्र मैफलीची असते. आमचा सगळा त्रास या गल्लतीतून सुरू होतो.

चमचाभर कुंदा

आपल्याकडे कुंद्याच्या दुकानात गेलं की मालक आधी थोडासा चाखायला देतो. तो कुंदा फुकट असतो आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नाही. कारण चाखणारा खिशात पैसे घेऊन आलेला असतो, मालक आपल्याच दुकानात उभा असतो, आणि चमच्यातला कुंदा डब्यातल्या कुंद्यासारखाच लागतो.

आता असं समजा की त्याच मालकाला पाचशे किलोमीटरवर बोलावलं. कुंदा त्याचा, भाडं त्याचं, लॉज त्याचं. तिथे त्याला दुसऱ्याच्या कढईत, दुसऱ्याच्या शेगडीवर, आधीच्या माणसाने खरवडून ठेवलेल्या भांड्यात कुंदा आटवायला सांगितलं. आणि चाखायला समोर बसलेत बहुतेक दुसरे हलवाईच.

शोकेस वाजवणं हे असं असतं.

२२ मिनिटांना ३८ हजार

आमचा एका शोकेसचा हिशेब अजून वहीत आहे. शहर बेळगावहून पाचशे किलोमीटर. टेम्पो ट्रॅव्हलर जाऊन-येऊन २२,००० रुपये, चालकाचा तीन दिवसांचा भत्ता १,५००, टोल २,३००, दोन खोल्या दोन रात्री ६,०००, आणि सहा माणसांचं तीन दिवसांचं चहा-जेवण ६,२००. एकूण ३८,०००. मिळालं काय? गळ्यातले पाच पट्टे आणि प्रत्येकी एक जेवणाचं कुपन. आमच्यातले दोघे नोकरी करतात. त्यांच्या रजा वेगळ्या.

कागदावर आम्हाला ३० मिनिटं होती. आधीच्या बँडने तीन मिनिटं जास्त घेतली. त्यांचा राग येत नाही, तेही आमच्यासारखेच लांबून आले होते. मग ड्रमचा प्रश्न आला. अशा ठिकाणी ड्रम सगळ्यांसाठी एकच असतो आणि ॲम्प्लिफायरही सामायिकच. या सामायिक सामानाला बॅकलाइन म्हणतात. ड्रमरने आपला स्नेअर (समोरचा करकरीत वाजणारा छोटा ड्रम), झांजा आणि पायाचं पेडल तेवढं आणायचं. व्यवस्था शहाणपणाची आहे, कारण दर अर्ध्या तासाला अख्खा ड्रमसेट बदलत बसलं तर रात्र पुरणार नाही. पण आमचा ड्रमर डावखुरा आहे. त्याच्यासाठी सगळी मांडणी आरशात दिसते तशी उलटी करावी लागते. अर्जात आम्ही हे दोनदा लिहिलं होतं. मंचावरच्या कुणाच्याही कानावर ते गेलेलं नव्हतं. उलटापालट करण्यात पाच मिनिटं गेली.

उरली २२. चार गाणी. मिनिटाला सतराशे रुपयांहून जास्त पडले, आणि पहिलं गाणं तर आवाज जुळवण्यातच गेलं.

साउंडचेक हे लाड नव्हेत

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. “रॉक म्हणजे नुसता दणदणाट, त्यात काय जुळवायचंय?” असं मला खूप चांगल्या, संगीत कळणाऱ्या माणसांनीही विचारलंय.

शास्त्रीय मैफल आठवा. तबलजी हातोडीने लाकडी गट्टे ठोकत तबला सुरात आणतो. गायक तानपुऱ्याच्या तारा पुन्हा पुन्हा लावून घेतो. श्रोते शांतपणे थांबतात. “तानपुरा राहू दे, वेळ नाही, सुरू करा,” असं कुणी म्हणालं तर आपण त्याला हॉलबाहेर काढू.

रॉक बँडचं सूर लावणं साउंडचेकमध्ये होतं. आम्ही पाच जण. ड्रमला आठ माइक, बासची एक तार, दोन गिटारींचे दोन माइक, गळ्यांसाठी तीन. असे चौदा आवाज चौदा वायरींतून मिक्सरवर, म्हणजे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर जातात. प्रत्येकाची पातळी वेगळी बसवावी लागते, आणि हॉल बदलला की पुन्हा पहिल्यापासून. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की तोच आवाज अंगाकपड्यांत शोषला जातो. गरम गाडीतून उतरवलेली गिटार वातानुकूलित हॉलमध्ये आणली की काही मिनिटांत तिचा सूर सरकतो.

हे झालं श्रोत्यांच्या बाजूचं. मंचावर आमच्याकडे तोंड करून ठेवलेले वेगळे स्पीकर असतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. ते नीट लागले नाहीत तर गायिकेला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही. हेडफोनवर मोठ्याने गाणी लावून त्यावर गाऊन बघा, म्हणजे कळेल. मागे ड्रम धडाडतोय, बाजूला दोन गिटारी, आणि स्वतःचा सूर कुठे आहे ते समजत नाही. मग माणूस नकळत ओरडतो. आमच्या गायिकेचा गळा त्या रात्री तिसऱ्या गाण्याला बसला. एरवी दीड-दोन तास गाऊनही तिच्या गळ्याला काही होत नाही.

शोकेसमध्ये साउंडचेकऐवजी लाइन चेक असतो. प्रत्येक वायरीतून आवाज येतोय का, एवढंच बघायचं. दिव्याची बटणं लागतात का ते तपासून घर सजलं म्हणायचं, तसं. दोन बँडच्या मध्ये पंधरा मिनिटं असली तर ध्वनी-तंत्रज्ञ यापलीकडे करणार तरी काय? त्याला दोष देत नाही. तो दुपारपासून उभा असतो.

आणि इथेच ‘शोकेस’ या कल्पनेला तडा जातो. फिरत्या बँडची खरी ताकद असते दीड तासाच्या कार्यक्रमात. हळूहळू लोकांना जवळ आणणं, चौथ्या गाण्यानंतर त्यांच्याशी बोलणं, शेवटी सगळा हॉल उठवणं. विकायला नेलेला माल हा आहे, आणि नेमका तोच त्या काचेच्या कपाटात मावत नाही.

समोर कोण असतं?

आकडेमोड करून बघू. एका आठवड्यात दोन हजार कलाकार वाजवतायत. एखादा उत्साही बुकर रोज रात्री पाच बँड पूर्ण ऐकतो, सहा रात्री. झाले तीस. शंभरातल्या दोघांनाही त्याचे कान लाभत नाहीत. आपल्याकडच्या परिषदा लहान असतात, पण तिथेही एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बँड वाजत असतात, आणि महत्त्वाची माणसं त्याच वेळी कुणाबरोबर तरी जेवत असतात. त्यांचंही काम तेच आहे. ती गाणं ऐकायला आलेली नसतात, ओळखी करायला आलेली असतात.

त्या रात्री आमच्यासमोर साठेक जण होते. त्यातले निम्मे दुसऱ्या बँडमधले. मागच्या बाजूला लोक आमच्याकडे पाठ करून मोठमोठ्याने बोलत होते. निपाणीच्या गणेशोत्सवात भर पावसात छत्री धरून शेवटपर्यंत उभे राहिलेले लोक मी बघितलेत. म्हणून ती पाठ जास्त लागते.

“पण प्रसिद्धी तर मिळते ना?”

थोडी मिळते. पोस्टरवर नाव येतं, गावात बातमी येते, आणि त्या बातमीमुळे पुढच्या मंडळाकडे दोन पैसे जास्त मागता येतात. हे मी नाकारत नाही. पण प्रसिद्धी म्हणजे अनोळखी माणसापर्यंत पोहोचणं. साठ लोकांत तीस वादक असतील तर आपण एकमेकांनाच प्रसिद्ध करत असतो. त्या ३८ हजारांत चांगल्या स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित होतात, आणि ती हजारो लोकांपर्यंत जाऊ शकतात.

“एका मैफलीने नशीब उघडतं की”

हे बेळगावात हमखास ऐकवलं जातं, आणि उदाहरणही आपल्याच मातीतलं असतं. कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीला ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळी मुंबईच्या संगीत परिषदेत गायला, तेव्हा बारा वर्षांचाही नसेल किंवा नुकता झाला असेल. जाणकारांची सभा त्याने जिंकली. तीही एक शोकेसच, असं म्हणता येईल.

म्हणता येईल, पण पुढचं विसरून नाही चालणार. त्या आधी तो मुलगा गावोगाव गात होताच. समोर बसलेले लोक गाणं ऐकायलाच आले होते. आणि त्यानंतर प्रा. बी. आर. देवधरांनी त्याला आपल्याकडे ठेवून वर्षानुवर्षं शिकवलं. त्या संध्याकाळच्या पाठीशी एक घर उभं राहिलं, म्हणून ती संध्याकाळ फळली. आजच्या परिषदेत वाजवून झाल्यावर पुढच्या बँडसाठी मंच रिकामा करायचा असतो, एवढंच.

“आयोजकांनाही खर्च असतो”

असतो, आणि लहान आयोजक तर पदरचे पैसे घालून उभे राहतात. आमच्या भागात दोन-तीन मित्रांनी असे कार्यक्रम केले आणि वर्षभर कर्ज फेडत बसले. त्यांच्याकडे मी पैसे मागत नाही.

पण मोठ्या परिषदेत प्रतिनिधी शुल्क भरतो, प्रायोजकाचे फलक लागतात, आवाजवाल्याला, मांडववाल्याला, जेवणवाल्याला, सुरक्षारक्षकाला पैसे मिळतात. ज्यांच्या नावाने हे सगळं जमलं ते तेवढे फुकट. ऑस्टिनमध्ये हाच मुद्दा २०२३ साली पेटला. तिथे अर्ज करायचंच शुल्क ५५ डॉलर होतं. निवड झालेल्या अमेरिकन बँडला २५० डॉलर, एकट्या कलाकाराला १००, किंवा त्याऐवजी महोत्सवात फिरायचा मनगटी पट्टा. परदेशी बँडला पैशांचा पर्यायच नाही, पट्टाच. तिथल्या वादकांच्या संघटनेने ७५० डॉलर आणि अर्जशुल्क बंद करा अशी मागणी लावून धरली. २०२४ पासून रक्कम ३५० आणि १५० झाली. मागितलेल्याच्या निम्मीसुद्धा नाही, पण मागितल्यावर वाढली.

परदेशी बँडचं दुखणं व्हिसाचं आहे. अमेरिकेत मोबदला घेऊन वाजवायचं तर कामाचा व्हिसा लागतो. त्यासाठीच्या अर्जाचं मूळ शुल्क २०२४ च्या एप्रिलपर्यंत ४६० डॉलर होतं, ते अर्ज करणाऱ्या मोठ्या संस्थांसाठी जोडशुल्क धरून १,६०० च्या वर गेलं. त्यामुळे फुकट वाजवणं हाच अनेकांना परवडणारा मार्ग उरतो. करार नीट वाचावा लागतो तो यासाठीच. २०१७ साली त्याच महोत्सवाच्या करारात एक कलम सापडलं : परदेशी कलाकाराने अधिकृत कार्यक्रमाबाहेर वाजवलं तर इमिग्रेशन खात्याला कळवलं जाऊ शकतं. गदारोळ झाल्यावर आयोजकांनी ती भाषा काढायचं कबूल केलं.

काही देशांत सरकारं हा भार उचलतात. कॅनडात ‘फॅक्टर’ ही संस्था १९८२ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ‘साउंड्स ऑस्ट्रेलिया’ २००९ पासून. आपलं संगीत बाहेर विकलं जावं म्हणून त्या बँडना मदत करतात. तिथल्या मुलांच्या पाठीशी देश असतो, आमच्या पाठीशी ड्रमरच्या बाबांचं क्रेडिट कार्ड होतं.

“मग जाऊ नका ना”

सोपं वाटतं. पण सीमाभागातल्या बँडला दारं आधीच कमी. बेंगळुरूच्या क्लबात विचारतात, “मराठी गाणी? ती पुण्यात चालतील.” पुण्यात म्हणतात, “तुम्ही कर्नाटकातले, आधी इथल्या मुलांना संधी देऊ.” दोघांच्याही मनात वाईट नसतं, मी हे मनापासून सांगतो. पण अर्जातला ‘राज्य’ आणि ‘भाषा’ हा रकाना भरताना दर वेळी हात अडतो. आमच्या ड्रमरची मातृभाषा कन्नड, गायिकेची मराठी, भांडणं दोन्हींत. घरी हे श्रीमंतीचं वाटतं आणि अर्जात अडचणीचं. अशा वेळी ‘राष्ट्रीय’ शब्द लिहिलेलं दार दिसलं की माणूस जातो.

निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला होता. मालाचा भाव ठरवताना माल पिकवणाऱ्यालाच विचारत नाहीत, हे त्यांचं दुःख होतं. त्या लढ्याशी आमच्या अडचणीची बरोबरी करायची नाही. तिथे गोळीबारात माणसं गेली. पण बाजारात जाऊ नका, हे उत्तर त्यांनाही पुरलं नसतं. बाजार कुणाच्या सोयीने भरतो, हा खरा प्रश्न होता आणि आहे.

राहुट्यांचा बाजार

याहून बरा बाजार आपल्याच भाषेत आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड राहुट्या टाकतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं तिथे येतात, फडमालकासमोर बसतात, तारीख आणि रक्कम ठरवतात, सुपारी देतात. सुपारी म्हणजे कार्यक्रम पक्का करण्याची आगाऊ रक्कम. फडाला आपली कला फुकट दाखवावी लागत नाही. कमिटीने तो फड कुठल्या तरी यात्रेत रात्रभर पाहिलेला असतो, पूर्ण पाहिलेला असतो.

त्या धंद्यातही खूप दुःखं आहेत, फडांची कर्जं आहेत, मला ते माहीत आहे. पण बाजाराची रचना बघा. घेणारा पैसे घेऊन चालत येतो आणि विकणारा बसलेला असतो. शोकेसमध्ये नेमकं उलटं.

आम्ही आता काय करतो?

शोकेससाठी एकट्याने निघायचं नाही. बेळगावची जागा यात कामाला येते. कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत, गोवा चोर्ला घाटातून तेवढ्याच टप्प्यात, हुबळी-धारवाड त्याहूनही जवळ. जाताना एक आणि येताना एक, असे दोन पैशांचे कार्यक्रम ठरले तरच मधला फुकटचा घ्यायचा. गेल्या खेपेला येताना एका कॉलेजचा कार्यक्रम मिळाला आणि गाडीचं भाडं सुटलं.

आणि होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारतो. कुठले बुकर नक्की येणार? मंचावर आधी किती वेळ मिळेल, आणि डावखुऱ्या ड्रमरसाठी मांडणी उलटी करून ठेवाल का? राहण्या-जेवणाचं काय? आमच्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण, प्रत्येक माइकचं वेगळं, आम्हाला द्याल का? शेवटचं फार कमी जण मागतात. आजच्या मिक्सरवर ते तसं निघतं, आयोजकाला फारसा खर्च येत नाही, आणि बँडला मात्र हातात काहीतरी घेऊन घरी येता येतं.

या वर्षी तीन ठिकाणी हे प्रश्न पाठवले. एकाकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्याने लिहिलं की इतर कुठलेच बँड असं विचारत नाहीत. तिसऱ्याने राहण्याची सोय, वीस मिनिटांचा साउंडचेक आणि ध्वनिमुद्रण कबूल केलं.

संध्याकाळी काकू फाटकाशी भेटल्या, त्यांना सांगितलं.

“जेवण?”

“तेही देणार आहेत.”

“आणि भाडं?”

“ते अजून विचारलं नाही.”

“मग विचार की आधी,” काकू म्हणाल्या.

रात्री मेल पाठवला.